तेराव्या वर्षाचं डोकं

नातीच्या शाळेत पालकांसाठी व्याख्यान होतं. सून कामावर गेलेली, म्हणून मी गेले. आलेल्या डॉक्टरीणबाई छान समजावून सांगत होत्या. वयात येताना शरीराबरोबर मेंदूही नव्यानं घडतो म्हणे. राग, हट्ट, धाडस आधी जागं होतं आणि त्याला आवर घालणारा भाग मागाहून, पार विशी उलटल्यावर तयार होतो. त्या वयात मेंदू ज्या वाटांनी चालतो त्या पक्क्या होतात, न वापरलेल्या बुजून जातात. म्हणून या वयात मुलांचा ब्रेक आपण व्हायचं, असं त्या म्हणाल्या आणि सगळ्या पालकांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. माझ्या तेराव्या वर्षी घर भरून ब्रेकच होते. त्यांच्यातल्या एकाचंही ऐकलं असतं तर आज त्या खुर्चीवर बसले नसते.

संगमनेरच्या वर, पठारावर आमचं गाव. बाहत्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. विहिरींनी तळ दाखवला होता. दादा, म्हणजे माझे वडील, आणि आई दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जायची. पाण्याचा टँकर आला तर आला. घरात एक रांजण होता आणि कोण किती पाणी घेतं यावर सगळ्यांचं लक्ष असायचं. आंघोळ ही चैन झाली होती.

त्याच वर्षी मला काहीतरी झालं. तोवर मी सांगकामी पोर. बस म्हटलं की बसायची. आता सकाळी डोळे उघडत नसत, दुपारी उगीच रडू यायचं, आणि कुणी बस म्हटलं की आतून 'का?' असं उसळून यायचं. डोकंही निराळंच चालायला लागलं. आधी गणितं पाठ करायची, आता ती आपोआप उलगडायची. थोरली बहीण बाळंतपणाला आली होती. ती माझ्याहून फार मोठी नव्हती. तिच्याकडं बघितलं की मला माझं पुढचं वर्ष दिसायचं. घरचे म्हणायचे, वयाचं खूळ आहे, लग्न झालं की उतरेल.

लग्न त्यांच्या मनात पक्कंच होतं. सातवीची परीक्षा तेवढी होऊ द्या, अशी गळ गुरुजींनी दादांना घातली होती. पोर पास झाली तर संगमनेरला वसतिगृहात तिची सोय बघतो, असंही ते म्हणाले होते. परीक्षेचं केंद्र शेजारच्या मोठ्या गावात होतं. आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मला न्हाण आलं.

आमच्यात न्हाण आलेल्या पोरीला कोपऱ्यात बसवायचे. बसायला गोणपाट, वेगळी ताटली, वेगळा तांब्या. तिला शिवलं की विटाळ, आणि विटाळ झाला की डोक्यावरून आंघोळ. या बाबतीत घरात थोरल्या चुलतीचं राज्य होतं. तिनं मला पडवीच्या कोपऱ्यात बसवलं आणि सांगून टाकलं की आता परीक्षा नाही आणि शाळाही नाही, न्हाण आलेली पोर वेस ओलांडत नसते. दादांनी मान डोलावली. आई चुलीपुढं होती. ती भाकरी थापत राहिली, आणि मला सगळ्यात जास्त राग तिचाच आला.

सकाळी मी दप्तर घेऊन उठले. आज तशी वेळ आली तर मी शंभरदा विचार करीन, त्या दिवशी एकदाही केला नाही. दादा दारात आडवे आले. धिप्पाड माणूस, त्यात खडी फोडून फोडून हात दगडासारखे झालेले. मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले.

"धरा मला, दादा. मंग रांजनातलं पानी घ्या आंगुळीला."

त्यांचा उचललेला हात तसाच राहिला. त्यांनी रांजणाकडं बघितलं. टँकर येऊन बरेच दिवस झाले होते. तळाशी जे होतं ते बहिणीच्या बाळंतपणाला आणि घरातल्या सगळ्यांच्या घशाला पुरवायचं होतं. विटाळ घेऊन कामावर जाता येत नव्हतं आणि आंघोळ करायची सोय नव्हती. मी एक पाऊल पुढं टाकलं. जिनं मला कोपऱ्यात बसवलं होतं तीच चुलती ओरडली, "भावजी, मागं सरा, शिवल ती." दादा मागं सरले आणि मी बाहेर पडले.

चुलती माझ्यामागं गल्लीत आली. मला अडवा म्हणून ओरडायची आणि लगेच शिवू नका म्हणायची. लोकांनी दोन्ही एकदम कसं करावं? टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या बायकांनी लुगडी आवरून रस्ता मोकळा केला. इतक्या मानानं त्या गावातून मला पुन्हा कधी कुणी जाऊ दिलं नाही.

परीक्षेत मी बाकाला शिवले, पेपराला शिवले, शेजारणीचं रबर मागून घेतलं. कुणाला काही झालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात तशी माझ्या डोक्यातली एक वाट त्या दिवशी बुजली आणि दुसरी पक्की झाली. त्याच वाटेनं मी वसतिगृहात गेले, नोकरीला लागले, आणि आजही कुणी नको म्हटलं की आधी कारण विचारते. माझ्या बरोबरीच्या पोरींची डोकीही त्याच वयात घडत होती. त्यांच्या वाट्याला कोपरा आला. खूळ म्हणून त्यांच्यातून जे काढून टाकलं त्याचा जाब कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. व्याख्यान संपल्यावर मी उठून तेवढंच म्हणाले की ब्रेक लावा, पण पोर कुठं निघालीय ते आधी बघा.

पहिला पेपर देऊन त्या संध्याकाळी मी घरी परतले तेव्हा दादांनी तोंड फिरवलं. मी आपणहून कोपऱ्यात जाऊन बसले. आई कामावरून आली आणि रांजणातून थोडंसं पाणी घेऊन माझ्याकडं आली. लांबूनच ओतायची रीत होती. तिनं तांब्या खाली ठेवला, माझा शाईनं भरलेला हात हातात घेतला आणि धुवायला लागली. चुलती म्हणाली, विटाळ झाला.

"व्हय, झाला," आई म्हणाली. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "उद्या बी पेपर हाय न्हवं?"

ती आंघोळ न करता तशीच चुलीपुढं बसली, आणि तिच्या हातची भाकरी सगळ्यांनी खाल्ली.