दहा फूट म्हणजे दहा फूट

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. हे आधी सांगते, मग बाकीचं. घरातल्यांनी नाही, शेजारच्यांनी नाही, शाळेतल्या सरांनी तर नाहीच. चौथी शिकलेली बाई बास्केटबॉलमधलं काय सांगणार, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं! आणि वर बायका म्हणतात, "आक्का, तुझ्याकडं किस्से लई." अगं, मी काय गोळा करत फिरते का? पोरीला खेळायला सोडा, मग बघा. किस्से दारात येऊन बसतात, हाकलले तरी जात नाहीत.

माझी कोमल नववीला आहे. घाटनांदूरला आमच्या शाळेत मुलींची टीम आहे, कदम सर शिकवतात. जूनमध्ये सरांनी पालकांना बोलावलं. म्हणाले, "शाळेतला एक तास पुरत नाही. आईवडिलांनी घरी रोज अर्धा तास सराव करून घ्या. ड्रिबल, पास, शॉट. अंबाजोगाईला तालुक्याच्या मॅचेस आहेत. बारा जणींचीच यादी जाणार."

वडील म्हणजे आमचे हे. ते त्या सभेत मोबाइल बघत होते. मग राहिलं कोण? मी!

* * *

पहिला प्रश्न, बॉल आपटायचा कुठं? अंगण मातीचं. पाऊस झाला की बॉल आपटला तिथंच बसतो, उठायचं नाव नाही. मग ओट्यावरच्या फरशीवर सुरू केलं. सर म्हणाले होते, ड्रिबल करताना बॉलकडं बघायचं नाही, समोर बघायचं. आता पोरगी खरंच समोर बघते का, हे मला कसं कळणार? मी तोड काढली. समोर उभी राहून बोटं दाखवायची.

"किती?"

"तीन!"

"आता?"

"पाच!"

आठ दिवस हे चाललं. सुशीला, आमची शेजारीण, भिंतीवरून रोज बघायची. नवव्या दिवशी घरात आली, हळूच माझ्याजवळ बसली.

"आक्का, मनाला लावून घेऊ नको. ग्रामपंचायतीत डोळ्यांचं शिबिर हाय. पोरीच्या जातीला लवकर दाखवलेलं बरं."

"कशाचं शिबिर? माझ्या पोरीला भिंतीवरची मुंगी दिसती!"

"मग रोज बोटं कशाला मोजायला लावती?"

मी तिला सगळं समजावलं. पण तोवर हिचं निम्म्या गल्लीला सांगून झालं होतं! बाजारच्या दिवशी एक म्हातारी मला भाजीच्या पालापाशी गाठून म्हणते, "एका डोळ्यानं तरी दिसतं ना गं?"

* * *

पासला जोडीदार लागतो. भिंतीवर मारून बघितलं, तर पलीकडं सुशीलाच्या घरातले फोटो पडले. मग मीच उभी राहिले. दोन्ही हातांनी छातीसमोरून बॉल ढकलायचा, समोरच्यानं दोन्ही हातांनी झेलायचा. पहिल्या आठवड्यात माझ्या आठ बांगड्या फुटल्या. पण झेलायला शिकले. अजून कुणाचं काही उडत आलं तर हात आपोआप वर जातात.

एकदा मला ताप होता. यांना म्हणलं, आजच्या दिवस तुम्ही उभं राहा. राहिले. एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाइल! कोमल बापाला दादाच म्हणते. विचारते, "दादा, झेलणार कशानं?" हे म्हणतात, "तू टाक गं, बघतो मी."

तिनं टाकला. चहा शर्टावर, मोबाइल हौदात.

माझ्यावरच ओरडले! "पोरगी लई जोरात टाकती, तिला जरा हळू टाकायला शिकव!"

मी गोधडीतून म्हणलं, "हळू टाकायला ती काय तुमाला नैवेद्य दाखवती का?"

* * *

रिंगची गोष्ट तर विचारूच नका. बोअरचा जुना पाइप पडून होता. गावातल्या वेल्डरला बोलावलं. त्यानं सळई वाकवून झकास रिंग केली, मी कांद्याच्या गोणीची जाळी लावली. आता उभी करायची वेळ. सरांना आधीच विचारून ठेवलं होतं, उंची दहा फूट.

वेल्डर म्हणतो, "आक्का, आठावर लावू."

"का?"

"पोरगी हाय ना. दहा फूट पुरायचं न्हाई तिला. उगं हातपाय दुखवून घेईल."

माझं टाळकं सरकलं! "पोरगी हाय म्हणून अंबाजोगाईवाले रिंग खाली आणणार हायत का? लाव दहावर!"

"पण..."

"टेप इकडं दे."

टेपचं खालचं टोक मी स्वतः पायाखाली दाबून धरलं. जमीन आधी सारखी केली, खडा न खडा वेचला. वेल्डिंग होईपर्यंत त्या टेपवरून पाय काढला नाही. जाताना तो यांना काय म्हणाला माहीत आहे? "मालक, तुमच्या घरात इंजिनिअर हाय, मला कशाला बोलावलं?" आणि दोघं हसले. हसा म्हणलं!

* * *

तीन महिने पोरगी त्या रिंगखाली होती. दोन महिन्यांत विसातले सोळा बॉल आत जायला लागले. मी मोजायची, चुलीवरचं सोडून मोजायची. आणि शाळेत? विसातले तीन!

मी सरांकडं गेले. "सर, घरी सोळा जातात."

सर हसले. "ताई, मायेनं मोजलं की आकडा वाढतो."

बरं. दुसऱ्या दिवशी सुशीलाला बसवलं मोजायला. तिनं सतरा मोजले. परत सरांकडं गेले. सर म्हणाले, "त्या पण तुमच्या शेजारीणच ना?"

आता साक्षीदार आणायचा कुठून, बीडहून?

सुशीला म्हणाली, नजर लागली असंल. हे म्हणाले, "तिला अंदाजच न्हाई. घरी आई समोर आसती म्हणून जमतं." त्या आठवड्यात यादी लागली. बारा नावं, कोमलचं नाही. तिच्याकडं काम दिलं बॉल गोळा करून आणायचं! घरी आली, बॉल गोठ्यात फेकला आणि म्हणाली, "आई, उद्यापासून मला उठवू नको."

ती पोरगी पाच वाजता माझ्याआधी उठायची. त्या दिवशी मी जेवले नाही. यादी पाठवायला शनिवार होता, आणि हा सोमवार.

* * *

मंगळवारी मी शाळेच्या मैदानावर जाऊन बसले. नुसतं बघत. कोमलचा प्रत्येक बॉल रिंगच्या वरून जायचा, मागच्या फळीला धडकून परत. प्रत्येक! एखादा उजवीकडं, एखादा डावीकडं गेला असता तर गोष्ट वेगळी. हा आपला दरवेळी वरूनच.

खेळ संपल्यावर मी त्यांच्या रिंगखाली जाऊन वर बघितलं. घरी आमच्या रिंगखाली उभी राहिले की माझी मान अवघडते. इथं अवघडेना.

बुधवारी टेप घेऊन गेले. कोमलला बाकावर चढवलं, खालचं टोक मी धरलं. आठ फूट नऊ इंच!

सर म्हणाले, "टेप खोटा असेल."

"टेप खोटा, शेजारीण खोटी, मी खोटी. तुमची रिंग तेवढी खरी!" मी म्हणलं आणि खुरपं काढून खांबाच्या बुडाशी उकरायला बसले. खाली मुरूम, मुरूम, मुरूम. सव्वा फुटावर खांबाचं सिमेंटचं बूड लागलं, जे आधी जमिनीबरोबर होतं. सरांनी स्वतः हात घालून चाचपलं आणि तिथंच मातीत बसले. बाकीच्या बारा जणी बुटक्या रिंगवर शिकलेल्या. अंबाजोगाईला एकीचाही बॉल वर पोचला नसता.

मागच्या हिवाळ्यात आमदारसाहेबांचा सत्कार त्याच मैदानावर झाला होता. खोलगट बाजूला मांडव बसेना, म्हणून एका दिवसात मुरूम टाकून सपाट केलं. खांब बुडला, तरी त्याचं कुणाला काही नाही!

गुरुवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे जमले. मुख्याध्यापक म्हणाले, मैदान ग्रामपंचायतीनं घेतलं होतं. सरपंच म्हणाले, सत्कार समितीनं. समितीचा अध्यक्ष म्हणाला, "मी तर फकस्त हार आणले."

कदम सर तेवढे सरळ बोलले. "शुक्रवारी मैदान उकरून झालं, तर शनिवारी सकाळी खऱ्या रिंगवर परत निवड घेतो. नाही झालं, तर आहे ती यादी जाईल."

सरपंच म्हणाले, "मग ज्यानं टाकला त्यानंच उचलायचा. एकच ट्रॅक्टर होता. कुणाचा, कुणाला आठवतंय का?"

सगळ्यांना आठवत होतं. एक जण पंख्याकडं बघत होता, एक चपलेकडं. कोपऱ्यात आमचे हे, मान खाली घालून. मुरूम टाकला त्या दिवशी संध्याकाळी ट्रॉलीतला लाल चिखल मी या हातांनी धुतला होता.

"मला माहीत हाय," मी म्हणलं. "आमच्या ह्यांचा."

सरपंच मिशीत हसले. "ह्यांचा म्हणजे कुणाचा, ताई? वहीत नाव लिहावं लागतंय."

खोलीभर गडी हसले. त्यांना ठाऊक होतं, लग्नाला बावीस वर्षं झाली तरी आमच्यात बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. सुशीलानं मागून पदर ओढला. "आक्का, नको. चार लोकांत शोभतं का?"

दारात कोमल उभी होती, बॉल पोटाशी धरून.

मी उभी राहिले.

"लिहा," म्हणलं. "अंगद."