नऊ नावं, आठ दंड

“नावं नऊ आहेत आबा, आणि दंड आठच झाले. नववा कुठंय?”

सुई माझ्या हातात तशीच होती. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“शकूचा व्हय? ती गेलीय आजुळी. लिहून टाका की तिचं. आठ लिहिले तसा नववा.”

“दंड पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही.”

“कवापासनं?” आबा म्हणाले आणि हसले. त्या हसण्याचा अर्थ मला चार दिवसांनी कळला.

मी तेव्हा गोदावरीकाठच्या एका आरोग्य केंद्रात व्हॅक्सिनेशन सुपरवायझर होतो. गावात मला ‘देवीडॉक्टर’ म्हणत. डॉक्टर मी नव्हतो. माझे वडील गवंडी. आमच्या घरात बी.एस्सी. सोडा, मॅट्रिकपर्यंत पोचलेला पहिला माणूस मीच. देवीची लस टोचणारे कर्मचारी गावोगाव फिरत आणि त्यांचं काम तपासणं हे माझं काम. काम साधं होतं. लस टोचली की आठवड्यात फोड येतो, तो वाळला की दंडावर कायमचा वण राहतो. वण असला म्हणजे टोचलंय. रजिस्टरात खूण असेल आणि दंडावर वण नसेल, तर कुणीतरी खोटं बोलतंय.

आबांच्या घरचं प्रकरण जरा निराळं होतं. त्यांचा जावई अंदमानात जंगलखात्यात होता आणि लेक तीन वर्षांत माहेरी आली नव्हती. ऊस कारखान्याला जायला अवकाश होता, पोरांना दिवाळीची सुट्टी लागत होती. आबांनी ठरवलं, सगळ्या घरानं बेटावर जायचं. दिवाळी लेकीकडं करायची आणि महिनाभर समुद्र बघायचा. आबा, काकू, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं. कोपरगावला गाडीत बसायचं, दौंडला बदलायचं, मद्रासला उतरून जहाज धरायचं. जहाजावर चार दिवस. गावात सगळे म्हणत, “काळ्या पाण्याला कुनी हौसेनं जातं का?” आबा सांगत, “आमी जानार. आन परत बी येनार.”

जहाजाच्या ऑफिसनं प्रत्येकाचं देवी टोचल्याचं सर्टिफिकेट मागितलं होतं. म्हणून मी त्यांच्या ओट्यावर होतो.

शकू म्हणजे धाकट्या मुलाची आठ वर्षांची पोर. आजोळी गेली असेलही. पण सगळं घर पाच दिवसांनी जहाजाला निघणार, तेव्हा पोरीला कुणी आजोळी पाठवतं का? माझ्या मनात पाल चुकचुकली, ती तिथं. मग मी नीट बघायला लागलो.

दोन्ही मुलांच्या दाढ्या वाढलेल्या होत्या. आबांचीही. ओट्याच्या कडेला एकही वहाण नव्हती, सगळे अनवाणी. आबांची आई, थोरली बाई, एरवी दारातच बसलेली असायची. तिचा पत्ता नव्हता.

“थोरल्या आई दिसत नाहीत?”

“मळ्यात हाय. तिला कुठं बेटावर यायचंय.”

तेवढ्यात काकूंनी पाणी आणून दिलं. मी विचारलं, “काकू, लेकीला फराळ काय काय नेताय?”

काकू आबांकडं बघत राहिल्या. “नेऊ की. करायचाय.”

तीन वर्षांनी लेकीकडं दिवाळीला निघालेलं घर. गाडीचे दोन दिवस, जहाजाचे चार. अशा घरात एव्हाना चकलीचे डबे भरून झाले असते, तेलाचा वास गल्लीत आला असता. इथं चूल पेटलेली होती आणि वास कसलाच नव्हता. फोडणीचासुद्धा नाही. जेवणाची वेळ, आठ माणसांचं घर, आणि आमटीला फोडणी नाही.

शहरात वाढलेल्या माणसाला यात काही दिसणार नाही. मला दिसलं, कारण मी लहान असताना आमच्या घरातही हे पाळलं होतं. घरात देवी आल्या की तळण बंद, फोडणी बंद, बाहेरचं खाणंपिणं बंद, दाढी बंद, पायात वहाण नाही, आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही. देवीला राग येतो म्हणतात.

मी सर्टिफिकेटं पिशवीत टाकली आणि सायकल काढली. आबा मागून म्हणाले, “डाक्टर, परवापर्यंत द्या बरं का. जहाज काय यष्टी न्हाई, हात केला की थांबायला.”

आमचे मेडिकल ऑफिसर पुण्याचे होते. हुशार माणूस. सहा महिन्यांपूर्वी आलेले. मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.

“शेलार, फोडणी नाही म्हणून देवीची केस? असा रिपोर्ट मी वर कसा पाठवू?”

“रिपोर्ट नका पाठवू सर. मळ्यात चला.”

“केंद्राची ही जागा आबांनी दिलीय, माहितीय ना?”

“माहितीय.”

“आणि पोर खरंच आजोळी असली तर?”

“तर मी माफी मागतो. पण पोर घरात असली आणि देवीच असल्या, तर जहाजावर शेकडो माणसं आहेत सर. पुढं बेट. तिथं किती जणांनी टोचून घेतलंय, आपल्याला काय माहीत?”

डॉक्टर उठले. मग ड्रायव्हरला हाक मारली.

तरी जीप लगेच निघाली नाही. आधी आजोळचा पत्ता काढला आणि तिथल्या कर्मचाऱ्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पोर तिथं नव्हती. तिसऱ्या दिवशी आबा स्वतः केंद्रावर आले, सर्टिफिकेटं मागायला. डॉक्टरांनी त्यांना बसवलं, चहा मागवला. आबांनी चहाला हात लावला नाही. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही मळ्यात होतो.

विहिरीजवळ इंजिनाची खोली होती. दाराला लिंबाचा डहाळा बांधलेला. थोरली बाई उंबऱ्यात आडवी बसली होती. “आत यायचं न्हाई. पायतानं घालून तर मुळीच न्हाई.”

मी वहाणा काढल्या. डॉक्टरांनीही बूट काढले, हे मी त्यांच्या खात्यावर आजही जमा धरतो. म्हातारी सरकली.

शकू घोंगडीवर बसली होती. तोंडावर चार-सहा फोड, अंगात झगा. उशाशी शाळेतला नकाशा, घड्या पडून फाटायला आलेला. तिनं आम्हाला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “जहाज गेलं का?”

“अजून नाही,” मी म्हणालो.

“बाबा म्हनले, गप ऱ्हायलं तर नेतो. मी गप हाय.”

डॉक्टरांनी झगा वर केला. पोट, पाठ, मग तळहात, तळपाय. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “कांजिण्या वाटतात.”

लोकांना दोन्ही सारखंच. कांजिण्यांनाही देवीच म्हणतात आणि सोवळं तेच पाळतात. पण फरक असतो. कांजिण्यांचे फोड पोटापाठीवर दाट, काही ताजे, काही सुकलेले. देवीचे तोंडावर आणि हातापायांवर दाट, आणि सगळे एकाच वयाचे. शकूचे तळहात स्वच्छ होते. मला हे पुस्तकातलं पाठ होतं. पण त्या खोलीत पाऊल टाकताना मी देवीच बघायला गेलो होतो.

“तरी नमुना लॅबला पाठवायचा,” डॉक्टर म्हणाले. “उत्तर येईपर्यंत या घरातलं कुणी गाव सोडणार नाही.”

एवढ्यात आबा बांधावरून आले. कुणीतरी जीप पाहून सांगितलं असणार. ते शकूजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग माझ्यावर उलटले.

“आता दंड मोजता व्हय? दोन वर्सामागं माझ्या वट्यावर खुर्चीत बसून च्या पेलात, रजिस्टरावर सही ठोकली आन गेलात. तवा न्हाई इचारलं, बायांचे दंड कुठं हायेत?”

“बायांना टोचलंय, खूण आहे,” मी म्हणालो.

“इचारा माझ्या आईला. टोचनारा घरात शिरलाच न्हाई. आमा तिघा बाप्यांना टोचलं, पोरास्नी टोचलं, बाकीची नावं मी सांगितली, त्यानं लिहिली.”

डॉक्टर मला म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही टोचलंत ना त्या बायांना? जुने वण पाहिलेत?”

दंड पाहिले होते. काकूंचा आणि दोन्ही सुनांचा दंड कोरा होता. मी तेव्हा मनात म्हणालो होतो, हे लोक टोचून घेत नाहीत. रजिस्टर काढून बघायचं मला सुचलं नाही.

केंद्रावर आल्यावर डॉक्टरांनी ते मागवलं. तिन्ही नावांपुढं बरोबरची खूण. खाली माझी सही, पूर्ण इंग्रजीत, पुढं बी.एस्सी. तपासणीचा नियम होता की सुपरवायझरनं काही घरांतले सगळे दंड स्वतः पाहायचे. गवंड्याच्या पोराला आबांनी खुर्ची दिली होती. त्या घरातल्या बायांना बाहेर बोलवा म्हणायची माझी जीभ रेटली नाही. खुर्चीतून उठलो आणि सही केली.

“हे वर कळवावं लागेल,” मी म्हणालो.

“तुमचंच नाव आहे खाली.”

“माहितीय सर.”

लॅबचं उत्तर यायला बारा दिवस लागले. देवी नव्हत्या. तोवर जहाज गेलं, दिवाळीही गेली. लेकीला फराळ पार्सलनं गेला. मला मेमो मिळाला आणि एक वेतनवाढ थांबली. त्या टोचणाऱ्याची बदली आधीच झाली होती, त्याला तिकडं काय मिळालं मला ठाऊक नाही. मी ते गाव पहिल्या घरापासून पुन्हा केलं. घरात शिरून, चुलीपर्यंत जाऊन. आबांच्या घरासारखी, खूण आहे पण वण नाही अशी नावं आणखी सत्तावीस निघाली. जवळजवळ सगळ्या बायाच.

आबा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. पुढच्या दिवाळीला जहाजाची नवी सर्टिफिकेटं हवी होती, तेव्हा निरोप आला. मी गेलो. ओट्यावर खुर्ची मांडलेली होती, मी उभाच राहिलो. नऊ दंड ओळीनं पाहिले आणि नऊ कागदांवर सह्या केल्या. या खेपेला घरात तेलाचा वास होता आणि शकू डबे मोजत होती.

नंतर वीस वर्षं मी ही नोकरी केली. लोकांवर संशय घेणं माझ्या कामातच होतं आणि त्यात मी फारसा चुकलो नाही. पण नव्या सुपरवायझरांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगायचो: ज्या घरात तुम्हाला खुर्ची मिळते, ते घर दोनदा तपासा.