खुशीची इजाजत

मला आनंद करण्याची सरकारी परवानगी होती. एकाच दिवसाची, सकाळी दहा ते बारा.

निजामाच्या राज्यात तेव्हा चार माणसं जमवायची तरी इजाजत लागे. झरीत आम्हा ख्रिस्ती लोकांची सात घरं, आणि मी त्यांच्या शाळेचा मास्तर. आदल्या वर्षीचा नाताळ आम्ही दारं लावून, ओठातल्या ओठात गाऊन उरकला होता. ते आईच्या फार मनाला लागलं. तिनं उतारवयात बाप्तिस्मा घेतलेला, आणि ढोलकीशिवाय तिची भक्तीच सुरू होत नसे.

"येशू जल्मला अन् आमी काय मुक्यानं बसावं? औंदा ढोलकी वाजली न्हाई तर मी जेवणार न्हाई," तिनं जाहीर केलं. (आई उपाशी राहिली की घरात दुसऱ्या कुणालाही घास गिळता येत नाही.)

मी परभणी गाठली. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या मुन्शीला नाताळ म्हणजे काय, हे माझ्या मोडक्या उर्दूत समजावता समजावता मला घाम फुटला. शेवटी वैतागून म्हणालो, "हमको खुशी करनी है." त्यानं तेवढंच लिहिलं.

आठवड्यानं हुकूम आला. झरीत खुशी करण्यास हरकत नाही, ढोलकी एकच, खुशीखेरीज दुसरं काहीही घडल्यास अर्जदार जबाबदार. अर्जदार म्हणजे मी!

नाताळच्या सकाळी देखरेखीला एक जवान आला आणि बाजेवर घड्याळ काढून बसला. दहा वाजले. प्रार्थना सांगायला येणाऱ्या पाद्रीसाहेबांच्या बैलगाडीचा पत्ता नव्हता. प्रार्थनेआधी गाणं कसं म्हणायचं, असं माझ्या बायकोचं मत. ती आत करंज्या तळत होती, आणि आई तिच्या शेजारी उभी राहून सारण कसं बिघडलं ते सांगत होती. दोघींचे आवाज चढले. जवानानं हुकूम उलगडून पाहिला.

"मास्तर, झगडा इसमें लिखा नहीं. खुशी कब होती?"

खुशी दिसली नाही तर अर्ज खोटा असं लिहावं लागेल, आणि मग पुढच्या साली इजाजत विसरा, हेही त्यानं सांगितलं. मी दोघींना गप्प केलं, सगळ्यांना ओळीत बसवलं आणि हसायला फर्मावलं. कुणी हसेना. मी ओरडलो. शेजारच्या तान्ह्या पोरीनं भोकाड पसरलं, पाठोपाठ बायकोच्या डोळ्यांत पाणी. साडेअकरा झाले होते.

"तू काहून वरडायलास?" आई म्हणाली. "तुझ्या नादी लागून येशूला किती ताटकळत ठेवावं?"

तिनं ढोलकी ओढली आणि खड्या आवाजात सुरू केलं. बघता बघता सगळे टाळ्या पिटू लागले. बायको झारा घेऊनच बाहेर आली. आईचा चेहरा उजळला होता, खरंच सांगतो. पण माझं लक्ष घड्याळाकडे. बारा वाजले तरी आई थांबेना. मी ढोलकीवर हात ठेवायला गेलो, तर जवानच म्हणाला, "रहने दो ना." त्याचा बूट ठेका धरत होता.

गाणं संपल्यावर त्यानं करंजी खाऊन अहवाल लिहिला. काय लिहिलंय ते ऐकायचा आईनं हट्ट धरला, म्हणून वाचून दाखवला: इजाजतीप्रमाणे खुशी झाली. सर्व लोक खुश. फक्त अर्जदार नाखुश.

"खरं हाय की," आई म्हणाली. "फुडच्या साली ह्याला वगळून इजाजत मागा."

पुढच्या साली मी स्वतःला वगळूनच अर्ज केला. तो दुसऱ्याच दिवशी मंजूर झाला.