गेममधला कडबा

केजच्या ज्युनियर कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायचो. फळ्यावर मागणी-पुरवठ्याचा आलेख काढून मागं वळावं तर अर्धा वर्ग झोपलेला, उरलेला तयारीत. म्हणून त्या दुष्काळी वर्षी मी पोरांसाठी संगणकावरचे गेम शोधायला घेतले. खेळता खेळता बाजार कळावा, एवढीच अपेक्षा.

एकात सरबताचा गाडा होता. तो मी बर्फावर उधळपट्टी करून बुडवला. एकात शहर वसवायचं होतं. पाण्याची सोय करायला विसरलो आणि माणसं गाव सोडून गेली. ते काय, खिडकीतूनही दिसत होतं. तिसरा मात्र फक्कड निघाला. म्हशी पाळा, कडबा घ्या, दूध विका. कडबा महागला की हात आखडून बसायचं. जरा वेळानं भाव आपसूक उतरायचा, मग गोठा भरून घ्यायचा. हा गेम पोरांपर्यंत पोचायला फार दिवस लागले, कारण आधी मी तो तपासत होतो. तपासता तपासता माझ्या गोठ्यात म्हशी मावेनाशा झाल्या.

नांदूरघाटला माझी थोरली बहीण, आक्का. दाजी ऊसतोडीला गेलेले. घरी ती आणि एक गाभण म्हैस. म्हैस व्याली की दूध संस्थेला घालून उन्हाळा काढायचा, एवढाच तिचा आधार. गावच्या दूध संस्थेची रीत अशी, की सभासदांनी नावं द्यायची आणि सगळ्यांचा मिळून कडब्याचा ट्रक मागवायचा. नाव न देणाऱ्याला पेंढीही नाही.

आक्काचा फोन आला. "नाव देऊ का रं? कडबा लई महाग हाय."

"थांब. सगळे एकदम घ्यायलेत म्हणून चढलाय. गर्दी सरली की उतरंल."

"उतरंल कशावरनं म्हणतोस?"

"बघितलंय मी."

कुठं बघितलंय, ते सांगितलं नाही.

संस्थेच्या चेअरमननं तिला दोनदा विचारलं म्हणे, "बाई, तुमी कावून मागं राहता?" त्यावर ही ताठ मानेनं म्हणाली, "माजा भाऊ कॉलेजात हेच शिकवतोय."

ट्रक आला, वाटला गेला. दुसरा आलाच नाही. कडबा महाग राहिला नव्हता, तो राहिलाच नव्हता. गेममध्ये चारा येतो कुठून, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दुकानामागं कुठंतरी दर साल पाऊस पडत असावा.

मग मी मोटारसायकल काढली. पार धारूरपर्यंत फिरलो. चार पेंढ्या मिळाल्या, त्यातली एक घाटात पडली. म्हशीच्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा आक्काच म्हणाली, "चल, बाजारात नेऊ. दावणीला मरण्यापरीस बरं."

केजच्या बाजारात त्या दिवशी सगळा तालुका जनावरं घेऊन उभा होता. घेणारे मोजके. व्यापाऱ्यानं भाव सांगितला आणि मी खाली बघितलं. आक्कानं दावं त्याच्या हातात दिलं. "गाभण हाय. नीट न्या," एवढंच म्हणाली.

परतीच्या जीपमध्ये तिनं नोटा मोजून पदराच्या गाठीला बांधल्या. मग म्हणाली, "तुजं खरं निघालं बाबा. भाव उतरला."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दाजी परतले तेव्हा मी मुद्दाम गेलो. कबुली द्यायचं वाक्य वाटेतच जुळवलं होतं. दाजींनी रिकाम्या दावणीकडं बघितलं. मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "मीच नाव दिलं न्हाई. महाग वाटलं मला."

वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. तिनं पुढ्यात कोरा चहा ठेवला.

दाजींना शिकलेल्या मेहुण्याचं फार कौतुक. बशीत चहा ओतत त्यांनी विचारलं, "मग सर, सध्या काय शिकवताय पोरांना?"

आक्का माझ्याकडं बघत होती.

"मागणी-पुरवठा," मी म्हणालो आणि तो चहा खाली मान घालून संपवला.