ज्याचं दुखणं, त्याचा हात आधी

दवाखान्यात बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. बाटल्या पेशंट घरी नेतात, किस्से आमच्याच गळ्यात! मी लालबागला डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सभा रोजच्याच. त्यामुळे चाळीतली प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरायची. औषधसुद्धा!

गिरणीतल्या गणपतला डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शन घेतोस की मिक्स्चर? म्हणाला, खोलीत विचारून सांगतो. कोकणातले एका गावचे सगळे एकाच खोलीत राहायचे ना! दुसऱ्या दिवशी रडवेला होऊन आला. इंजेक्शन पास झालं होतं. त्याचा सोडून सगळ्यांचे हात वर!

डॉक्टर भडकले. सुई ज्याला टोचायची त्याचा हात आधी मोजायचा, असा कायदाच केला त्यांनी.

त्या खोलीला जेवू घालणाऱ्या मावशीचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरांनी मीठ कमी कर म्हटल्यावर ती म्हणाली, "मगे ही पोरां दुसऱ्या खानावळीत जातली." मग दोघांची घासाघीस झाली. मीठ घालण्याआधी तिने आपल्यापुरतं काढून ठेवायचं. खारट सुकटीवर मात्र बाई हटेना, शेवटी फक्त रविवारची सुकट मंजूर झाली.

एका पोटुशीची तर कमालच. बाळंतपण गावी करायचं की इस्पितळात, हे नवरा सांगतोय, सासू सांगतेय, तिला विचारतंय कोण! डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "मुंबईचं काय ते मुंबईकरांना विचारा, असं मोर्चात ओरडतोस ना? मग पोट जिचं आहे तिला विचार!" तिने हळूच सांगितलं, "इस्पितळात." सासू आठवडाभर आमच्याशी बोलली नाही.

आणि गणपतचा धाकटा भाऊ विठू. गिरणीत साच्यात, म्हणजे कापडाच्या मागात, हात सापडून त्याची दोन बोटं चिरडली आणि सडली. डॉक्टर स्वतः खोलीवर गेले, मीही बरोबर. बोटं आज काढली तर हात वाचेल, थांबलं तर विष चढेल, जीवही जाईल, असं त्यांनी सरळ सांगितलं. गणपत ओरडला, बोटांशिवाय याला साच्यावर कोण ठेवील? डॉक्टर म्हणाले, तेही खरं, तो शब्द मी देऊ शकत नाही.

विठूने विचारलं, "उरलेल्या बोटांनी तुटलेल्या सुताला गाठ मारता येईल?"

"शिकावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

खोलीतल्या म्हाताऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, बोटं काढावीत असं कुणाला वाटतं? एकही हात वर झाला नाही. सगळ्यांची पोटं साच्यावरच होती.

विठूने बँडेजमधला हात वर केला. बँडेजच्या ओझ्याने हात खाली येऊ लागला. गणपत उठला आणि त्याने भावाच्या कोपराखाली आपला हात धरला.