शंभर दाणे आणि दोन एकर

मला गणित येतं, ही माझी घमेंड. दहावीला गणितात शाळेत पहिली आले होते, आणि पुढे शिकवलं नाही याचा राग अजून गेलेला नाही. लग्न होऊन राहात्याजवळच्या या गावात आले आणि माझं गणित गिरणीच्या दळणापुरतं आणि डेअरीच्या लिटरापुरतं उरलं. रानात काय पेरायचं, किती पेरायचं, हे सासरे ठरवायचे. ते गेल्यावर नवरा आणि दीर ठरवू लागले. खुरपायला मी चालायचे, सोंगायला चालायचे, पण ठरवायला माणसं बसली की, ‘तू चहा टाक.’ टाकला चहा. वर्षानुवर्षं टाकला. जळला मेला तो चहा!

मग भावाभावांच्या वाटण्या झाल्या. कॅनॉलच्या खालचं दोन एकर आमच्या वाट्याला आलं. नवरा नगरच्या एमआयडीसीत कामाला, रविवारचा घरी येणार. त्याने सरळ ठरवूनच टाकलं की रान धाकट्या भावाला वाट्याने द्यायचं, डोक्याला ताप नको. मी म्हटलं, मी करते. तो हसला. हसला म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. दोन रविवार मी त्याच्याशी बोलले नाही, ताट वाढून बाजूला होत होते. शेवटी तोच वैतागला.

“बरं बाई, कर. एक साल बघू. सोयाबीन कर. पण फसलीस तर पुढच्या साली रान धाकट्याकडं. मग मला काही सांगायचं नाही.”

“नाही सांगणार,” मी म्हटलं. त्या दोन एकरासाठी मी तेव्हा काय वाटेल ते कबूल केलं असतं.

बी घरचंच होतं. आमच्या घरात बी ठेवायचं काम सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं. सोयाबीनचं बी फार नाजूक. पोतं जरा आपटलं तरी दाण्याचं टरफल फुटतं, आणि फुटलेला दाणा उगवत नाही. आत्याबाई ते तान्ह्या लेकराला जपावं तसं जपायच्या. मळणीच्या वेळी मशीन हळू चालवायला लावायच्या, बी सावलीला वाळवायच्या, पोती भिंतीपासून लांब फळ्यांवर ठेवायच्या. कुणी पोतं धाडकन टाकलं की त्याची काही खैर नसायची. “तुला कुनी आसं आपटलं म्हंजे कळंल!” गल्लीतल्या चार बायका दर साली आपलं बी द्यायच्या आणि आत्याबाईंचं बदलून न्यायच्या. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, दोन्ही लेक त्यांना कशात विचारत नव्हते, पण बियाच्या खोलीत त्यांचा शब्द चालायचा.

त्या उन्हाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात कृषी सहायक बाईंनी बायकांची बैठक घेतली. त्यांनी सांगितलं, बी किती टाकायचं ते अंदाजाने ठरवू नका, आधी उगवण बघा. पोत्यातले कुठलेही शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावा, गोणपाट गुंडाळून सावलीला ठेवा, पाणी शिंपडत राहा, आठवड्याने उघडून मोड आलेले मोजा. शंभरातले सत्तर उगवले तर एकरी तीस किलो. जास्त उगवले तर बी कमी करा, कमी उगवले तर वाढवा. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी वहीत लिहून घेत होते. अहो, हे तर त्रैराशिक! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला येणारी गोष्ट विचारली होती. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळचं आवरून मी ओट्यावर बसले. परातीत ओंजळभर बी घेतलं आणि शंभर दाणे मोजून गोणपाटावर लावले. आत्याबाई शेरडं घेऊन बांधाला गेल्या होत्या. आठवडाभर मी त्या गुंडाळीवर पाणी शिंपडत राहिले. उघडली तेव्हा दोन वेळा मोजलं. चौऱ्याण्णव!

“आत्याबाई, शंभरातले चौऱ्याण्णव आले!”

त्या लगबगीने आल्या, वाकून बघत राहिल्या. “चौऱ्यान्नव? माज्या बियाचे?” त्या दिवशी त्यांनी पाण्याला आलेल्या एकाही बाईला सोडलं नाही. प्रत्येकीला थांबवून सांगितलं. मीही कौतुकाने ऐकत होते, कारण त्यात माझंही कौतुक होतं.

मी वही काढली. सत्तरला तीस, तर चौऱ्याण्णवला किती? एकरी बावीस किलो आणि वर थोडंसं. दोन एकराला पंचेचाळीस. आत्याबाई म्हणाल्या, “तरी बी तीसच टाक गं. तुझा सासरा तीसच टाकायचा.”

“आत्याबाई, गणित आहे हे. मनाने टाकायचं नसतं.”

त्या गप्प बसल्या. गणित म्हटलं की आमच्या घरात त्या कायम गप्पच बसायच्या, आणि ते मला बरं वाटायचं.

ओल चांगली झाली तेव्हा पेरणीचा ट्रॅक्टर सांगितला. ड्रायव्हरने यंत्र नेहमीसारखं तीसवर लावलं होतं. मी ते बदलायला लावलं. तो म्हणाला, “वहिनी, लई पातळ व्हईल.” मी म्हटलं, तू फक्त ट्रॅक्टर चालव. त्याने खांदे उडवले आणि पट्टी सरकवली. पंधरा किलो बी पोत्यात उरलं. मला वाटलं, बघा, पहिल्याच साली पंधरा किलो वाचवलं. काय तो तोरा!

नवव्या-दहाव्या दिवशी आत्याबाईंना घेऊन रानात गेले. पेरणीची तासं ओळखू येत होती, पण मधेमधे हातभर जागा मोकळी. कुठे चार रोपं, पुढे काहीच नाही, मग दोन. मी बांधावरच बसले. रान बघायचं सोडून मी रस्त्याकडे बघत होते, दीर येतोय का.

तो आलाच. रविवार होता, मागे नवराही बसला होता, आणि आत्याबाई आधीच माझ्याबरोबर होत्या. दिराने मोटारसायकल स्टँडला लावली, एक चक्कर मारली आणि विचारलं, “वहिनी, एकराला किती टाकलं?”

“बावीस.”

“बावीस!” तो नवऱ्याकडे बघून असा हसला की मला ती मोटारसायकल कॅनॉलात ढकलून द्यावीशी वाटली. नवरा हसला नाही. तो म्हणाला, “मी काय बोललो होतो, ध्यानात हाय ना?”

ध्यानात होतं. एका वाक्यात रान जाणार होतं. आणि मी तोंड उघडलं.

“माझं गणित बरोबर आहे. चौऱ्याण्णव उगवले होते, सगळ्या गल्लीने बघितलेत. त्यानंतर बियाला ओल लागली असणार. ठेवणीतच काहीतरी चुकलंय.”

ठेवणीत म्हणजे कुणाच्या, हे सांगायची गरज नव्हती. दोघांनी एकदम आईकडे बघितलं. आपलं काही चुकलं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी चुकलंय, हे ऐकायला माणसांना किती सोपं जातं! दीर म्हणाला, “आई, आता तुझ्याच्यानं न्हाई व्हत. बस झालं.” नवरा म्हणाला, “पुढच्या साली दुकानातून पिशव्या आणू.” रानाचा विषय तिथेच संपला. माझ्या जिवात जीव आला, आणि आत्याबाई काय म्हणतात ते ऐकायला मी थांबलेसुद्धा नाही.

घरी गेल्यावर त्यांनी उरलेल्या पोत्याचा तळ चाचपला, मूठभर बी नाकाशी धरलं, एक दाणा दाताखाली फोडला. “वास तर येत न्हाई गं,” त्या मला म्हणाल्या. मी चुलीपुढे होते. मी म्हटलं, आतून खराब झालं असेल.

रिकाम्या जागा आम्ही दोघींनी हाताने टोकून भरल्या. त्याच पोत्यातलं बी, दोन-दोन दाणे. तीन दिवस म्हातारी माझ्यामागून वाकून चालत होती, आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, “उगावंल का गं ह्ये?” ते उगवलं. चांगलं उगवलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली असेलही, मी ती आत घेतली नसेल.

खरं काय ते खुरपणीच्या दिवसांत कळलं. संध्याकाळी तूरडाळ निवडत बसले होते. टीव्ही चालू होता, माझं ताटाकडे लक्षही नव्हतं, आणि बोटं आपली खडा बाजूला सार, फुटकी डाळ बाजूला सार, असं करतच होती. मी हात थांबवला. अगं बाई! त्या सकाळी परातीत ओंजळ घेतली तेव्हा मी काय केलं होतं? चिरलेला दाणा बाजूला, सुरकुतलेला बाजूला, डागाळलेला बाजूला. टपोरे, गोल, पिवळेधमक शंभर दाणे मी निवडून काढले होते. ‘कुठलेही’ म्हटलं होतं बाईंनी. पण जिच्या हातात समजायला लागल्यापासून सूप दिलंय, तिला कुठलेही दाणे उचलता येतात का? धान्य पुढे आलं की आमचे हात निवडायलाच लागतात.

दुसऱ्या दिवशी त्या पोत्याच्या तळाला राहिलेल्यातून डोळे मिटून शंभर दाणे घेतले. आठवड्याने गुंडाळी उघडली. एकाहत्तर. म्हणजे बी ठणठणीत होतं. म्हणजे एकरी तीस किलो. म्हणजे सासरे बरोबर, आत्याबाई बरोबर, ट्रॅक्टरवालासुद्धा बरोबर. आत्याबाई शेरडं घेऊन यायच्या आत मी ते मोड आलेले दाणे कोंबड्यांना टाकले आणि गोणपाट धुऊन वाळत घातलं.

सांगता आलं असतं. का नाही सांगितलं, ते आज स्पष्टच लिहिते. सांगितलं असतं तर रान गेलं असतं. ते रान मला म्हातारीच्या अब्रूपेक्षा प्यारं झालं होतं. आणि बी ठेवायचं काम काय, तेवढाच त्यांच्या जिवाला आराम, असं मी मनाला सांगत होते. डोंबलाचा आराम!

त्या साली पीक बरं निघालं. नवऱ्याची अट मागे पडली. पण मळणीनंतर आत्याबाईंनी बी बाजूला काढलं नाही. बदलून न्यायला बायका आल्या तर त्यांना दारातूनच सांगितलं, “माजं बी आता लागत न्हाई गं. दुसरीकडं बघा.” फळ्या मागच्या बाजूला गेल्या, त्यांवर कोंबड्या बसू लागल्या. मी दुकानातल्या पिशव्या आणून पेरल्या, आणि तीन वर्षं ते रान माझं म्हणत राहिले. कुठलं गणित मांडलं नाही. पिशवीवर लिहिलेलं वाचायचं आणि ओतायचं.

यंदा उन्हाळा संपत आला असताना एका रविवारी नवरा जेवायला बसला होता. भाकरी मोडता मोडता म्हणाला, “कॅनॉलखालचं रान धाकट्याला दिलं. तो ऊस लावतोय.”

“मला न विचारता?”

“त्यात विचारायचं काय?” तो म्हणाला. “तुझं काही चुकलं म्हणून न्हाई दिलं. त्याला सलग पट्टी पाहिजे. कालवण वाढ.”

मी भांडले. लई भांडले. पातेलं आपटलं, नको ते बोलले, शेजारच्या बायका दारात आल्या. तो हात धुऊन शांतपणे उठला. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, त्याचं आहे, एवढाच मुद्दा होता, आणि तो त्याला बोलूनसुद्धा दाखवावा लागला नाही.

मी मागच्या अंगणात गेले. आत्याबाई लिंबाखाली बसल्या होत्या. आता जपायला काही उरलंच नव्हतं, म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं. पश्चात्ताप वगैरे मोठा शब्द मी वापरणार नाही. राग होता, आणि तो कुठेतरी ओतायचा होता. निवडलेले दाणे सांगितले, एकाहत्तर सांगितले, कोंबड्या सांगितल्या.

त्या म्हणाल्या, “म्हंजे बी चांगलं हुतं?”

“व्हय.”

“शंभरातलं सत्तर?”

“एकाहत्तर.”

“तेवढंच आस्तंय,” त्या म्हणाल्या. “अन् ह्ये तुला कवा कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. “त्याच साली.”

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “मला वाटलं, माजा हातच ग्येला. हात लावंल त्ये नासतंय म्हटलं. म्हनून लोनचं बी घालायचं सोडलं मी. बरनीला शिवले न्हाई. म्हटलं, लेकरांच्या तोंडचं कशाला नासवा.”

तीन उन्हाळे लोणचं मी एकटीनेच घातलं होतं. आणि तिन्ही उन्हाळे, म्हातारी कामाला अंग चोरते म्हणून, मी गल्लीभर सांगत फिरले होते.