कापसाची झोळी

शिरपूरहून धुळ्याच्या दवाखान्यात निघालो, तेव्हा मुलगा माझ्या मांडीवर होता. घसा सुजून त्याचा श्वास अडकत होता. भर उन्हात भाड्याची मोटार थांबली. पंख्याचा पट्टा तुटून इंजिन तापलं होतं. ड्रायव्हरने माझ्या लुगड्याचा पदर फाडून, पिळून पट्ट्याच्या जागी बांधला. तोही तुटला.

शेजारच्या शेतात कापूस वेचणारी एक बाई आली. कमरेची जाड झोळी तिने सोडली, सकाळपासूनचा कापूस बांधावर ओतला आणि झोळी ड्रायव्हरला दिली. तो झोळीला पीळ घालत होता, तोवर बाई गाडीजवळच उभी होती. पण माझ्या मुलाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मला ते लागलं.

“अक्का, तुमचा कापूस मातीत गेला,” मी कसंबसं म्हणाले.

“जाऊ दे, बाई. मना पोऱ्याना येळे बैलगाडीच व्हती. तो दवाखानामा पोचनाच नही.”

गाडी सुरू झाली. “आते कोठेच थांबू नको, भाऊ,” ती ड्रायव्हरला म्हणाली आणि पाठ फिरवून कापूस गोळा करायला बसली.

माझा मुलगा वाचला. अजून त्या रस्त्याने जाताना कापूस वेचणाऱ्या बायका दिसल्या, की मी त्याला हळूच खिडकीतून आत ओढून घेते.